खणात बांधलेला नारळ

"ताई, तू जरा आत जा ना... पानांचं बघ!"

अमृताने हे हळूच म्हटलं. पण लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरच्या त्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसलेल्या बायकांपैकी ज्यांना ऐकायचं होतं त्या सगळ्यांना ते ऐकू गेलं, आणि जिच्यासाठी ते होतं त्या अनिताच्या तर काळजातून आरपार गेलं! तिच्या हातात हिरवा खण होता, खणात बांधलेला नारळ होता, मुठीत तांदूळ होते. समोर पाटावर सातव्या महिन्याची गरोदर अमृता, तिची धाकटी बहीण, हिरवी साडी नेसून आणि अंगभर फुलांचे दागिने लेवून बसली होती, आणि इतकी गोड दिसत होती की अनिताला उठून तिची दृष्ट काढावीशी वाटत होती. पण दोघींच्या मध्ये चिमाबाई उभ्या होत्या, बेगडेवाडीच्या, अमृताच्या नवऱ्याच्या आत्या, हात आडवा धरून.

"वटी सवाष्णीनं भरायची असती," चिमाबाई म्हणाल्या होत्या. "तुमी पोरीला वाढवली, त्ये कुनी न्हाई म्हनतंय का? पन रीत ती रीत. तुमचं लगीन न्हाई, पदरात मूल न्हाई... पहिलटकरणीला उगं कशाला..."

पुढचं त्यांनी बोलायचं ठेवलं, म्हणजे ते सगळ्यांना नीट कळलं. अमृताच्या सासूबाई, सविताबाई, तशा चांगल्या मनाच्या. पण चांगल्या मनाच्या माणसांना अशा वेळी नेमकं काहीतरी काम आठवतं. त्या तांब्यात पाणी आहे का ते पाहायला वळल्या. अनिताने अमृताकडे पाहिलं... फक्त एकदा पाहिलं. जिच्यासाठी तिने आयुष्य वेचलं ती आता म्हणेल, "आत्या, बाजूला व्हा, माझी ओटी पहिल्यांदा ताईच भरणार!" म्हणेल... आत्ता म्हणेल... आणि अमृताने मान खाली घालून ते पानांचं वाक्य म्हटलं.

अनिता आत गेली. तिने चौदा पानं मांडली, मीठ-लिंबू वाढलं, पुरणपोळ्यांवर तूप सोडलं, चिमाबाईंना तर आग्रह करून आणखी एक पोळी वाढली. स्वतः मात्र "लोकलची येळ झाली" म्हणून निघाली. खणात बांधलेला नारळ पुन्हा पिशवीत गेला. कामशेतला उतरून बेडशापर्यंत येईतो तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. घरात शिरली, नारळ देवापुढे ठेवला आणि मग मात्र ती उंबऱ्यावर बसून अशी रडली, अशी रडली की गोठ्यातली गाय हंबरायला लागली!

अमृता ही तिची बहीण खरी, पण नावाचीच. अमृता जन्मली त्याच दिवशी, त्याच घरात, तासाभरात आई गेली. रक्त थांबेना, आणि जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं. अनिता तेव्हा तेरा वर्षांची, सातवीत. दुसऱ्या दिवसापासून तिचं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. वडील, महिपती आबा, भाताची खाचरं बघायचे आणि ही पोरगी पोरीला बघायची. कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजलं, गोवरात सात दिवस मांडीवरून उतरवलं नाही. पुढे दोनदा तिला मागणं आलं. दोन्ही वेळा पाहुण्यांनी चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "धाकटी कुटं राहनार?" दोन्ही वेळा अनिताने कपबशा उचलल्या आणि आतूनच नकार दिला. मग लोणावळ्याच्या बाजारामागे एका चिक्कीच्या कारखान्यात ती लाटायला लागली. वीस वर्षं गरम गूळ-शेंगदाण्यावर लाटणं फिरवून अमृताला तिने बी.कॉम. केलं, आणि आबा गेल्यावर दोन वर्षांनी रेल्वेतल्या सुहासशी थाटात लग्न लावून दिलं.

पण हे सगळं गाव जाणतं. गाव जाणत नाही असं एकच होतं, आणि ते अनिताने छातीच्या आत कोंडून ठेवलं होतं. त्या दिवशी आईने तिचा हात धरला होता. "अने, सोडू नको गं..." असं आई म्हणाली होती. आणि गोधडीवरून जमिनीवर येणारं ते रक्त पाहून तेरा वर्षांची अनिता हात सोडवून पळाली होती... भाताच्या खळ्यामागे जाऊन कानांत बोटं घालून बसली होती. परत आली तेव्हा आईचा हात तसाच पालथा पडला होता. रिकामा!

म्हणूनच तर अमृता पाचव्या महिन्यात हसत हसत घरी आली आणि "ताई, मी नैसर्गिक बाळंतपणाचा क्लास लावलाय तुंगार्लीला" म्हणाली, तेव्हा अनिताच्या हातातली परात खाली पडली.

"सिझर करून घे," ती एवढंच म्हणाली.

"अगं पण गरज नसताना का? डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे. आणि होणार दवाखान्यातच आहे ना! फक्त तयारी करायची. श्वास कसा घ्यायचा, अंग सैल कसं सोडायचं... हे बघ, दोन पुस्तकं आणलीत. एक तुझं. सोबत जी असते तिनेही वाचायचं असतं."

"पुस्तक वाचून पोरं होत्यात व्हय गं? मग शाळंतल्या मास्तरांना लय झाली असती!" अनिता ओरडली. तिला ओरडायचं नव्हतं. तिला ते पालथं पडलेलं मनगट दिसत होतं. पण भीती सांगता येत नाही तेव्हा माणूस भांडतो, आणि हातातलं पुस्तक तिने भिरकावलं ते सरळ चुलीजवळच्या राखेत जाऊन पडलं.

अमृताचा चेहरा पांढरा झाला. "तुला काय कळतंय त्यातलं, ताई! तू कुठं..."

वाक्य तिथेच थांबलं. पण अशी वाक्यं थांबवून थांबत नसतात. अमृता त्याच पावली लोणावळ्याला गेली, आणि बाळंतपणाला माहेरी येणार नाही असं सुहासच्या फोनवरून कळवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मात्र त्या वेळी कुणालाही आठवली नाही!

आणि त्यानंतर ते डोहाळजेवण. आता तर सगळंच संपलं होतं.

संपलं होतं... तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी अनिताने फडताळामागे टाकलेलं ते पुस्तक काढलं. राख पुसली. निळा पुठ्ठा, वर पोटावर हात ठेवलेली एक हसरी बाई. "हसतीया बघ," अनिता तिला म्हणाली, आणि पहिलं पान उघडलं.

सातवीतून सुटलेलं वाचन ते. बोट ठेवून, ओठ हलवत. 'आकुंचन' या शब्दापाशी ती दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी खालच्या ओळीत 'म्हणजेच कळ' असं सापडलं तेव्हा तिला असा संताप आला! "मग कळच म्हना की, मुडद्यांनो!" पण हळूहळू बोट भरभर सरकायला लागलं. कळ एकदम येत नाही, चढत जाते, माथ्यावर पोचते आणि उतरते. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. जबडा सैल सोडला की खालचं अंगही सैल सुटतं. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळव्याने जोर देऊन दाबून धरायचं. आवडत्या जागेची आठवण काढायची. आणि सगळ्यांत शेवटी, चौकटीत, ठळक अक्षरांत... सोबत असलेल्या व्यक्तीने हात सोडू नये.

ते वाक्य वाचून ती कामशेतच्या फलाटावर बसल्या जागी थिजली. लोकल आली आणि गेली.

पुस्तकाला तिने वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, कारण चाळिशीची बिनलग्नाची बाई बाळंतपणाचं पुस्तक वाचते म्हटल्यावर लोक काय म्हणतील! पण कारखान्यातल्या बायकांच्या नजरेतून काही सुटतं होय? जेवणाच्या सुट्टीत एकीने कव्हर उचकटलंच, आणि हशा उसळला.

"अनिते, कवाची हाय गं तारीख?"

"लाटनं जपून फिरव बया, दिस जवळ आल्यात!"

अनिताही हसली. हसता हसता म्हणाली, "चैताच्या तोंडाला हाय." आणि एवढं म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले, आणि त्या चेष्टेखोर बायकांनी कव्हर पुन्हा नीट घालून दिलं. त्यानंतर मात्र त्यांतल्या पाच लेकरांच्या एका आईने तिला कंबर पुढे करून दिली, "दाब बघू, शिक" म्हणून. अनिताने तळवा ठेवला आणि दाबला. ती बाई डोळे मिटून म्हणाली, "आगं आई गं... येवडा जोर! मला हे पाच येळंला कुनी दिलं असतं तर!" वीस वर्षं लाटणं दाबलेले हात होते ते.

रोज घरी आल्यावर ती अमृताची खोली उघडायची. नवी बाज विणून तयार होती. मऊ जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची चळत होती, डिंक होता, आळीव होते, बाळंतशेपा होत्या, धुरीची शेगडी होती. ज्या माहेरी कुणी येणार नव्हतं ते माहेर ती रोज झाडत होती! मोबाईल उशाशी घेऊन झोपायची, पाकाच्या कढईशेजारी ठेवायची, आंघोळीला जातानाही दाराच्या कडीला पिशवीत टांगायची. तिला दुसरं काही नको होतं... ओटी नको, मान नको, माफीसुद्धा नको! फक्त एकदा बोलवावं. "ताई, ये." एवढेच दोन शब्द. फोन वाजायचा तो रिचार्ज संपल्याचा.

आणि फाल्गुनातल्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, कढईत पाक फसफसत असताना तो वाजला.

सविताबाई होत्या. "अनिताताई, पहाटेपासून कळा येतायत. तुंगार्लीच्या दवाखान्यात आणलंय. सुहास घाटात इंजिनावर आहे, कर्जतला, दुपारपर्यंत नाही सुटत. मी आत होते, पण तिला कशानं धीर येत नाही हो... क्लासमधलं सगळं विसरलीय. दात आवळून बसलीय नुसती. मी विचारलं, कुणाला बोलावू? काही सांगेना. आणि आता कळ आली की एकच ओरडते... ताई! ताई!"

वीस वर्षांत अनिताच्या हातून कधी पाक करपला नव्हता. त्या दिवशी करपला. लाटणं ओट्यावर, पदराला गूळ, पायात दोन वेगळ्या चपला, आणि खांद्याला ती पिशवी, जिच्यात डोहाळजेवणानंतरच्या आठवड्यापासून पुस्तक आणि खणात बांधलेला नारळ रोज तिच्याबरोबर बेडशाहून लोणावळ्याला येत होता आणि परत जात होता. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

रिक्षात तिने सगळं मनाशी घोकलं. चार आत, सहा बाहेर. जबडा सैल. कंबर. हात सोडू नये, हात सोडू नये...

पण दवाखान्याच्या त्या खोलीच्या दारात पोचली आणि आतून अमृताची किंकाळी आली... तशीच! अगदी तशीच! सगळं पुस्तक डोक्यातून पुसलं गेलं. गोधडी दिसली. आईचा हात दिसला. अनिताचे पाय आपोआप मागे वळले. होय, वळले! एक पाऊल, दुसरं पाऊल... बाहेर ऊन होतं, फाटक होतं, रिक्षा अजून उभी होती. दवाखान्यातही खळं असतं पळून जायला.

"ताई..." आतून आवाज आला. या वेळी ओरडून नव्हे. थकून.

अनिताने दोन्ही चपला दारातच काढल्या आणि ती आत शिरली.

अमृता खाटेची कड धरून उभी होती, घामाने निथळत, ओठ दाताखाली चिरडलेला. क्लास घेणाऱ्या अपेक्षा सिस्टर शेजारी होत्या, हातात घड्याळ. अमृताने ताईला पाहिलं. पाहिलं आणि चेहरा वळवला. "तू जा," ती हुंदका देत म्हणाली. "सासूबाईंनी उगाच बोलावलं. तू जा ताई, तुला नाही बघवणार..."

"न्हाई जात."

"जा म्हणते ना!"

"न्हाई जात! दोन म्हयने बसून पुस्तक वाचलं ते काय परत जायाला?"

अमृता थबकली. "तू... वाचलंस?"

"सगळं. आकुंचन म्हंजी कळ," अनिता म्हणाली, आणि कळ आलीच. अनिता मागे गेली, तळवा कंबरेखाली टेकवला आणि अंगातला सगळा जोर लावला. अमृताच्या तोंडून किंकाळीऐवजी एक लांबलचक 'हा...' निघाला. सिस्टर चकित होऊन त्या हातांकडे पाहत राहिल्या. "जरासुद्धा हलवू नका ताई, तिथेच, तिथेच!"

कळ उतरली. अमृताने खाटेवर डोकं टेकवलं. त्या दोन-तीन मिनिटांच्या उसंतीत अनिताला वाटलं, आता नाही सांगितलं तर जन्मात सांगता येणार नाही.

"अमे... आईनं माजा हात धरला होता. त्या दिशी. मी सोडून पळाले. खळ्यामागं जाऊन लपले. मी पळाले नसते तर..."

"मला माहितीये."

अनिताचा तळवा जागच्या जागी थांबला.

"आबांनी सांगितलं होतं, शेवटच्या आजारपणात. म्हणाले, तुझ्या ताईला वाटतं मला ठाऊक नाही. मी तिला खळ्यामागे पाहिली होती. म्हणाले, तिला कधी दुखवू नकोस." अमृताचे अश्रू चादरीवर टपटप पडत होते. "म्हणून मी माहेरी आले नाही, ताई. म्हणून बोलावत नव्हते. पुस्तक आणलं तेव्हा वाटलं होतं, तू वाचलंस तर तुझी भीती जाईल. पण तू किती घाबरलीस ते पाहिलं... म्हटलं, तुला पुन्हा त्या खोलीत उभं करायचं नाही. मी एकटी करीन. श्वास मोजत करीन."

"आन वटीच्या वक्ताला?" अनिताला विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

अमृताने मान वर केली. "तेव्हा मी भ्याले," ती म्हणाली. "त्याला दुसरं काही कारण नाही. आत्यांना भ्याले. बाळाला काही होईल म्हणून भ्याले. शिकलेली असून भ्याले. तू पानं वाढत होतीस आणि मला घास गिळवत नव्हता... मला माफ कर गं ताई, माफ कर..."

अनिताने तिला छातीशी धरली. दोघींनी एकमेकींना जपता जपता चार महिने जाळून घेतलं होतं, आणि एकीने तर सव्वीस वर्षं! पण रडायलाही सवड मिळाली नाही. पुढची कळ आली, आणि ती आधीच्या सगळ्यांहून उंच होती.

"समुद्र आठव," सिस्टर म्हणाल्या. "लाट येतेय, लाट जातेय..."

"मला नाही येत समुद्र!" अमृता किंचाळली. "मी किती वेळा पाहिलाय समुद्र! एकदा!"

आणि अनिताला पुस्तकातली ती ओळ आठवली, आवडत्या जागेची.

"समुद्र नगं," ती म्हणाली. "लेण्याच्या पायऱ्या आठव."

बेडशाच्या डोंगरातली लेणी गावाच्या डोक्यावरच. चढायला चारेकशे पायऱ्या. अमृता तीन वर्षांची असताना विचारायची, आई कुठंय? अनिता म्हणायची, वर. मग एके दिवशी पोरगी हट्टालाच पेटली, वर जाऊ! आणि गावातून जाता येईल असं सगळ्यांत वर काय, तर लेणी. दर रविवारी सोळा वर्षांची अनिता तिला कडेवर घेऊन चढायची. दम लागायचा, तेव्हा ती दहा-दहा पायऱ्या मोजायची. दहाच्या पुढचं बघायचं नाही. दहा झाल्या की थांबायचं. आणि वर पोचेपर्यंत अमृता खांद्यावर झोपून गेलेली असायची, त्यामुळे वर आई का नाही याचं उत्तर अनिताला कधी द्यावं लागलं नाही.

"एक," अनिताने तळवा दाबत म्हटलं. "दोन. तोंड ढिलं सोड. तीन. वर बघू नगं, पायाखालची बघ. चार... पाच..."

"सहा," अमृता कण्हत म्हणाली. "सात..."

"आट. नऊ. धा! झाल्या धा. थांब आता. पानी पी."

कळ उतरली होती.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. दहा चढायच्या, थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा. उभ्याने, मग गुडघ्यांवर, मग कुशीवर. डॉक्टर बाई येऊन तपासून "फार छान" म्हणून गेल्या. दारात सविताबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि नकळत त्यांचेही ओठ हलत होते... सात, आठ, नऊ... एका हाताने अनिता कंबर दाबत होती, आणि दुसरा हात अमृताच्या मुठीत होता. बांगड्या पिचल्या, नखं रुतली, रक्त आलं. हात तिथेच होता.

"आता जोर कर, अमृता!" डॉक्टर म्हणाल्या.

"ताई, नाही होत गं... किती राहिल्या?"

"धाच राहिल्या. शेवटच्या धा."

"ताई..." अमृताचे डोळे ओढले गेले होते, आवाज तीन वर्षांच्या पोरीचा झाला होता. "वर आई आहे का गं?"

तेवीस वर्षं टळलेला प्रश्न!

"हाय गं माजे बाये, हाय!" ती ओरडली. "तूच हाईस आई! चढ! एक... दोन... तीन..."

दहापर्यंत मोजावंच लागलं नाही. आठव्या पायरीवर त्या खोलीत आणखी एक आवाज उठला. नवा, चिडका, खणखणीत!

मुलगी झाली होती.

रक्त थोडं गेलं, जेवढं जायचं तेवढंच. अनिता त्या पांढऱ्या चादरीकडे डोळे फाडून पाहत होती. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, सगळं ठीक आहे, तेव्हा कुठे तिचा श्वास सुटला. अमृताने मुलीला छातीशी घेतलं, तिच्या ओल्या डोक्यावर ओठ टेकवले, आणि मग थकलेले डोळे ताईकडे वळवले.

"ताई, मला आई वर नव्हतीच कधी भेटायची," ती पुटपुटली. "ती मला कडेवर घेऊन चढत होती ना."

एवढं बोलून तिचा डोळा लागला. अनिताचा हात मुठीत तसाच घट्ट धरलेला.

दुपार कलली होती. बाळाला पुसून, दुपट्यात गुंडाळून सिस्टर घेऊन आल्या. "घ्या मावशी."

"कशी घेऊ?" अनिता कुजबुजली. "हात सुटायचा न्हाई."

"अहो, ती झोपलीय. सोडवा हळूच."

"न्हाई," अनिता म्हणाली. सिस्टरना काही कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

सविताबाई पुढे आल्या. पंचा शोधायला म्हणून त्यांनी अनिताची पिशवी उघडली होती, आणि त्यांच्या हातात तो हिरवा खण होता.

"हा... त्या दिवशीचाच?"

अनिताने मान हलवली. "वाळला असंल आता."

सविताबाईंनी नारळ कानाशी नेला, हलवला. "नाही हो," त्या म्हणाल्या. "पाणी आहे अजून. अनिताताई, त्या दिवशी मी तांब्या बघत बसले होते. ते मला जन्मभर खाईल. ती उठली की तुम्ही ओटी भरा तिची. पहिली ओटी तुमची. चिमावन्संना काय सांगायचं ते मी सांगेन."

नारळ त्यांनी खाटेवर, अमृताच्या उशाशी ठेवला. मग वाकून अनिताच्या खांद्यावरून गुळाने माखलेला तो पदर ओढून घेतला, तिच्या मांडीवर नीट पसरला, आणि सिस्टरच्या हातातून नात घेऊन त्या पदरात ठेवली. वर कपाळाला लावायला कुंकू कुठेच नव्हतं, म्हणून स्वतःच्या कपाळाचं बोटावर घेऊन त्यांनी ते अनिताच्या कपाळी टेकवलं. आई गेल्यापासून तिथे कुणी असं बोट टेकवलं नव्हतं.

बाळाने गुळाच्या वासाकडे तोंड फिरवलं आणि जांभई दिली. बाहेर फाटकाशी सुहासचा आवाज आला, धावत येणाऱ्या बुटांचा आवाज आला. अनिता मात्र एका हाताने ओटीतलं ते ऊबदार ओझं सावरत बसली होती. दुसरा हात मुंग्या येऊन बधिर झाला होता, आणि अमृता जागी होईपर्यंत तिने तो हलवला नाही.